सॅम्पलच्या शेजारी घर

बायोइन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर तपासण्याच्या कामात, करिअर करायला निघालेल्या मुलामुलींना हल्ली एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: "तुमचं काय, लॅपटॉप उघडला की काम सुरू. कुठेही राहा." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. घर सोडावं लागणार नाही, महागड्या शहरात जीव मेटाकुटीला येणार नाही, आईवडिलांजवळ राहता येईल. तरीही पहिल्या चार-पाच वर्षांपुरता हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि "मग मोठ्या नावाचं शहर गाठा" हा त्याला दिला जाणारा नेहमीचा पर्यायही मला पटत नाही. शहराचं नाव हा प्रश्नच नाही. आपण ज्या डेटावर काम करणार, तो ज्या नमुन्यांतून निघतो ते नमुने आपल्या खुर्चीपासून किती लांब आहेत, हा प्रश्न आहे.

हे मत कुठून आलं ते आधी सांगते.

मी या कामात नवीन होते. रक्ताच्या ९६ नमुन्यांचा आरएनए सिक्वेन्सिंगचा डेटा, म्हणजे कोणतं जनुक किती सक्रिय आहे याची मोजणी, माझ्याकडे आला. असा डेटा हातात पडला की सगळ्यात आधी एक साधी तपासणी करतात. नमुना बाईचा असेल तर एक्स गुणसूत्रावरचं एक्सआयएसटी हे जनुक ठळकपणे बोलतं. पुरुषाचा असेल तर ते गप्प असतं आणि वाय गुणसूत्रावरची जनुकं बोलतात. नमुन्यांसोबत आलेल्या यादीत लिहिलेलं लिंग आणि जनुकांनी सांगितलेलं लिंग जुळलं पाहिजे. माझ्याकडे जवळपास निम्म्या नमुन्यांत ते जुळत नव्हतं. मी लॅबला मेल केली, यादी पुन्हा तपासाल का म्हणून. उत्तर आलं, यादी बरोबर आहे. ती खरंच बरोबर होती. पुढचे पंधरा दिवस मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसले. प्रत्येक ओळ वाचली, दुसऱ्या सॉफ्टवेअरने सगळं पुन्हा मोजलं, आकडे तेच.

शेवटी एका दुपारी छापील यादी घेऊन दोन मजले खाली गेले. ज्या बाईंनी नमुन्यांची प्लेट भरली होती त्यांनी यादी पाहिली, शेजारची एक रिकामी प्लेट उचलली आणि हातातल्या हातात फिरवली. ९६ खळग्यांची प्लेट म्हणजे ए ते एच अशा आठ ओळी आणि बारा स्तंभ. "हा कोपरा कापलेला असतो ना, ही ए-१ ची खूण," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मल्टीचॅनल पिपेटने भरत होते, घाई होती. प्लेट उलटी ठेवली गेली असणार बघ." मल्टीचॅनल पिपेट म्हणजे एका वेळी अनेक खळग्यांत द्रव टाकणारं साधन. उलटी म्हणजे अर्ध्या वर्तुळात फिरलेली. ए-१ चा नमुना एच-१२ मध्ये, ए-२ चा एच-११ मध्ये, असं शेवटपर्यंत. वर येऊन मी यादी शेवटाकडून सुरुवातीकडे लावली. दहा मिनिटांत ९६ च्या ९६ नमुने जागेवर बसले.

तो कापलेला कोपरा कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. ती माहिती त्या बाईंच्या हातात होती. माझी मेल पन्नास वेळा गेली असती तरी उत्तर "यादी बरोबर आहे" हेच आलं असतं, कारण मला काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. त्यानंतर मी दर आठवड्याला अर्धा दिवस खाली जाऊन नुसती उभी राहू लागले. नमुना बर्फावर किती वेळ राहिला, किट मधेच संपलं म्हणून अर्ध्या नमुन्यांना दुसऱ्या पेटीतलं किट कसं वापरलं गेलं, मशीनची फेरी बिघडली की काय करतात, हे सगळं बघितलं. आज मला डेटात जे खटकतं, त्यातलं बहुतेक तिथे शिकलेलं आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लांबून बसून केलेली थोर कामं या क्षेत्रात आहेतच. २०१५ मध्ये योआव गिलाद आणि ओर्ना मिझ्राही-मान यांनी माणूस आणि उंदीर यांच्या जनुकांची तुलना करणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासाचा डेटा पुन्हा तपासला. मूळ निष्कर्ष चकित करणारा होता: माणसाचं यकृत उंदराच्या यकृतापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांशी जास्त मिळतंजुळतं वागतं. या दोघांनी काय केलं? सिक्वेन्सिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक नावाची ओळ असते. सहसा तिच्याकडे कुणी बघत नाही. त्या ओळीत मशीनचं नाव, फेरीचा क्रमांक, फ्लो सेल (नमुने ज्या काचपट्टीवर वाचले जातात ती) आणि लेन (त्या पट्टीवरचा एक कप्पा) लिहिलेली असते. त्यावरून त्यांनी कोणता नमुना कोणत्या मशीनवर, कोणत्या लेनमध्ये गेला याचा तक्ता मांडला. माणसाचे आणि उंदराचे नमुने बव्हंशी वेगवेगळ्या फेऱ्यांमध्ये गेले होते. मग दिसणारा फरक प्रजातींचा की फेऱ्यांचा, हेच वेगळं काढणं अवघड. ती नोंद हिशेबात धरल्यावर नमुने प्रजातीऐवजी अवयवानुसार एकत्र येऊ लागले.

हे सगळं त्यांनी सार्वजनिक फाइलींवरून केलं, मूळ लॅबमध्ये पाऊल न ठेवता. पण गिलाद यांची शिकागोतली लॅब असाच डेटा स्वतः तयार करते. लेन म्हणजे काय, दोन गट दोन लेनमध्ये गेले तर काय घोटाळा होतो, हे त्यांनी पुस्तकातून वाचलेलं नव्हतं. लांबून बघणारा डोळा जवळ उभा राहूनच तयार झाला होता. मी म्हणते ते एवढंच: आधी जवळ, मग लांब. हा क्रम उलटा करून चालत नाही.

दुसरं उदाहरण नेहमी दिलं जातं ते जिम केंट यांचं. २००० साली सांताक्रूझमध्ये हा पीएचडीचा विद्यार्थी घराच्या गॅरेजमध्ये बसून चार आठवडे कोड लिहीत राहिला आणि मानवी जीनोमचे, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएचे, विस्कळित तुकडे जोडणारा प्रोग्रॅम तयार झाला. जुलै २००० मध्ये तो जोडलेला आराखडा विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुला केला. सांताक्रूझ हे जीवतंत्रज्ञानाचं मोठं केंद्र नव्हतं. मग ते कसं जमलं? एक तर काम निखळ गणिताचं आणि संगणकाचं होतं. दुसरं म्हणजे १९९६ च्या बर्म्युडा तत्त्वांनुसार सार्वजनिक प्रकल्पातल्या केंद्रांना जुळवलेले मोठे तुकडे २४ तासांच्या आत जाहीर करावे लागत होते. डेटा मोकळा होता म्हणून गॅरेज पुरलं.

इथेच आजची परिस्थिती बदलली आहे, आणि राहण्याची जागा निवडताना याचा विचार फार कमी लोक करतात.

आपल्या क्षेत्राची घडण मोकळ्या डेटावर झाली. जेनबँक हे सिक्वेन्सचं, म्हणजे डीएनएच्या अक्षरक्रमांचं, खुलं भांडार १९८२ पासून आहे. आजही अमेरिकेतलं बेथेस्डा, इंग्लंडमधलं हिंक्स्टन आणि जपानमधलं मिशिमा ही तीन ठिकाणं सिक्वेन्सची रोज देवाणघेवाण करतात, आणि जिवाणू असो की भाताचं रोप, त्याचा जीनोम कुणीही कुठूनही उतरवून घेऊ शकतं. माणसाच्या डेटाचं मात्र आता तसं राहिलेलं नाही. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या नमुन्यांच्या आणि आरोग्याच्या नोंदींच्या भांडारातल्या सुमारे ५ लाख लोकांचे पूर्ण जीनोम संशोधकांना मिळतात, पण ते क्लाउडवरच्या त्यांच्या मंचावर जाऊनच अभ्यासायचे. घरी न्यायचे नाहीत. जिनॉमिक्स इंग्लंड या तिथल्याच सरकारी जनुकीय संस्थेच्या बंदिस्त व्यवस्थेतून फक्त निष्कर्ष बाहेर पडतात, तेही तपासून. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे, तिला असं जपणं मला योग्यच वाटतं. पण याला दुसरी बाजू आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा आणि व्हेनेझुएला या देशांतल्या संस्थांना आपल्या नियंत्रित, म्हणजे परवानगी घेऊनच मिळणाऱ्या, डेटाची दारं बंद केली. हुशारी तीच, अर्ज तोच, पण संस्था कुठल्या देशात आहे यावर फाइल उघडणार की नाही हे ठरतं. "कुठेही राहा" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. आपण कुठे नोकरी करतो यावर कोणते प्रश्न आपल्याला विचारता येतील हे ठरू लागलं आहे.

म्हणून मी म्हणते, जागा निवडताना आधी नमुन्यांचा माग काढा. मग नकाशा बदलतो. बॉस्टनजवळचं केंब्रिज, सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, सॅन डिएगो, इंग्लंडमधलं केंब्रिज, स्वित्झर्लंडमधलं बाझल ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण लोकसंख्येच्या जनुकीय अभ्यासात रस असेल तर एस्टोनियातलं तार्तू हे छोटं विद्यापीठाचं गाव यातल्या अनेक शहरांपेक्षा समृद्ध आहे. तिथल्या बायोबँकेत २ लाखांहून अधिक लोक आहेत, म्हणजे देशातल्या प्रौढांपैकी साधारण पाचवा हिस्सा. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये १९९६ पासून जवळजवळ एका अख्ख्या राष्ट्राच्या वंशावळी आणि जनुकं एकत्र अभ्यासली जात आहेत. फिनलंडच्या हेलसिंकीत २०१७ मध्ये सुरू झालेल्या फिनजेन या जनुकीय प्रकल्पाने ५ लाख लोकांचे नमुने गाठले.

कोविडच्या ओमिक्रॉन या प्रकाराची गोष्टही हेच सांगते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना पीसीआरच्या निकालात काहीतरी विचित्र दिसू लागलं. चाचणी विषाणूची काही ठरावीक जनुकं शोधते. त्यातलं एस जनुक सापडेनासं झालं, बाकीची मात्र सापडत होती. चाचणी बिघडली म्हणून ते सोडून देता आलं असतं. पण तिथे नमुने घेणारे, सिक्वेन्सिंग करणारे आणि विश्लेषण करणारे एकमेकांना ओळखत होते, त्यांचं जाळं आधीपासून विणलेलं होतं. शेजारच्या बोत्सवानातही तोच विषाणू पकडला गेला. २५ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने जगाला सांगितलं, दुसऱ्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला नाव दिलं. त्यानंतर जगभरातल्या हजारो लोकांनी घरी बसून त्या सिक्वेन्सचं उत्तम विश्लेषण केलं. पण पहिली शंका नमुन्याच्या शेजारी बसलेल्यांना आली होती.

मोठ्या केंद्रांची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण ती करिअरपेक्षा पोटाची बाजू आहे. आपल्या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या मुदतीच्या असतात. युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीत, म्हणजे हिंक्स्टनच्या युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटमध्येही, बहुतेकांना नऊ वर्षांनी बाहेर पडावं लागतं. जर्मन विद्यापीठांत मुदतीच्या नोकरीवर पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर साधारण सहा वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसऱ्या गावात नोकरी मिळवणं, मुलाची शाळा बदलणं, जोडीदाराची नोकरी सोडायला लावणं, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. ज्या शहरात चालत जाण्याच्या अंतरावर वीस कंपन्या आणि चार इस्पितळं आहेत, तिथे घर न हलवता नोकरी बदलता येते. घरात दोघांचंही करिअर असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो, आणि कुणी केवळ या कारणासाठी मोठं केंद्र निवडलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पण मोठ्या केंद्राचा एक सापळा आहे आणि त्यात अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. भाडं परवडत नाही म्हणून ती शहराच्या पार टोकाला राहतात. जायला दीड तास, यायला दीड तास. मग आठवड्यातून एकदाच जायचं, बाकी घरून. कागदावर ती जगातल्या सर्वोत्तम केंद्रात असतात. प्रत्यक्षात खोलीत एकटी, स्क्रीनसमोर. भाडं केंद्राचं आणि शिकणं घरबसल्याचं, असा दुहेरी तोटा. त्यापेक्षा एखाद्या मध्यम शहरातल्या शिकवणाऱ्या इस्पितळाला लागून असलेलं छोटं घर कितीतरी बरं.

नमुन्याइतकीच आणखी एक गोष्ट जवळ लागते: आपला कोड वाचणारी माणसं. याबद्दल मी जास्त आग्रही आहे, कारण नमुन्याच्या हव्यासापायी लोक इथे फसतात. एखादी जीवशास्त्राची लॅब, दहा-बारा माणसं पिपेट घेऊन काम करणारी, आणि डेटा बघायला एकच मुलगी. तिला सगळे मान देतात, तिच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. पण तिने लिहिलेली ओळ बरोबर की चूक हे सांगणारं तिथे कुणी नसतं. दोन वर्षांनी ती वेगवान झालेली असते, निष्णात नाही. आकृत्या काढून देणारी व्यक्ती एवढीच तिची ओळख उरते. चुका होतात त्या कुणाला दिसत नाहीत, आणि न दिसलेली चूक सवय बनते. किमान दोन माणसं अशी हवीत जी तुमचा कोड उघडून म्हणतील, "हे असं का केलंस?"

हे दोन्ही एकत्र कुठे मिळतं? माझ्या अनुभवात विद्यापीठांच्या आणि मोठ्या इस्पितळांच्या सामाईक सिक्वेन्सिंग विभागात. तिथे वीस लॅबचे नमुने येतात, पाच-सहा विश्लेषक एकत्र बसतात, मशीन पलीकडच्या खोलीत असतं. या नोकरीला प्रतिष्ठा कमी आहे हे मला माहीत आहे. शोधनिबंधात नाव मध्ये कुठेतरी येतं, "सेवा" म्हणून हिणवलं जातं, हुशार मुलं तिकडे फिरकत नाहीत. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. पहिल्या नोकरीसाठी यापेक्षा चांगली जागा मी सुचवू शकत नाही.

याला अपवाद आहेत. ज्यांना निव्वळ अल्गोरिदम लिहायचे आहेत, प्रथिनांच्या रचनेचं गणित करायचं आहे, डेटाबेस किंवा सॉफ्टवेअर सांभाळायचं आहे, त्यांना पिपेटपेक्षा फळ्याजवळ उभं राहणारे सोबती जास्त लागतात. जनुकीय डेटाच्या विश्लेषणाची मोफत सॉफ्टवेअर देणारा बायोकंडक्टरसारखा प्रकल्प २००१ पासून अनेक देशांतली माणसं मिळून चालवत आहेत. आणि चार-पाच वर्षं पदरात पडली की खुशाल गावी जा, डोंगरात जा. तोवर प्लेट उलटी कशी दिसते हे तुम्हाला घरबसल्या ओळखता यायला लागलेलं असतं.

आता सगळ्यात अवघड भाग. "जवळ जाऊन राहा" हे सगळ्यांना शक्य नसतं. कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणाला व्हिसा मिळत नाही, कुणाकडे पहिल्या महिन्याचं भाडं नसतं. त्यांना मी "मग तुमचं काही खरं नाही" असं सांगणार नाही, कारण दोष त्यांचा नाहीच. नमुने जिथे गोळा होतात तिथे विश्लेषणाची नोकरी निर्माण न करणं हा संस्थांचा आणि पैसे देणाऱ्यांचा दोष आहे. कितीतरी प्रकल्पांत रक्त एका देशातल्या लोकांचं असतं आणि त्याचा अर्थ लावणारं पद दुसऱ्या खंडात. फ्रीझरला पैसे मिळतात, नमुने पाठवायच्या कुरिअरला मिळतात, स्थानिक विश्लेषकाच्या पगाराला मात्र मिळत नाहीत. मग तिथल्या तरुणीला नमुन्याच्या शेजारी राहूनही डेटा बघायला स्थलांतर करावं लागतं.

हे बदलता येतं. एच३एबायोनेट हे आफ्रिकेतलं बायोइन्फर्मॅटिक्सचं जाळं २०१२ मध्ये उभं राहिलं. केप टाउन विद्यापीठातल्या निकोला मल्डर यांनी त्याचं नेतृत्व केलं. २०१६ पासूनचा त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. व्याख्यानं व्हिडिओवर, शिकवणारे लांब. पण विद्यार्थ्यांनी घरी एकट्याने बघायचं नाही. अनेक देशांतल्या वर्गांत एकत्र बसायचं, आणि प्रत्येक वर्गात मदतीला हाडामांसाचा माणूस. लांबून शिकवायचं असेल तरी शिकणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी लागतं, हे त्यांनी मान्य केलं आणि तशी सोय केली. लांबून काम करणारी नवखी माणसं नेमणाऱ्या प्रत्येक संस्थेने निदान एवढं करावं: पहिले दोन-तीन महिने पगारी, राहण्याच्या खर्चासह, लॅबमध्ये. आणि नमुने गोळा करायला अनुदान देताना त्याच गावात विश्लेषकाच्या पदाची अट घालावी.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी मी एकच गोष्ट सुचवते. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतात, तेव्हा नमुने तयार होतात ती जागा दाखवायला सांगा. मी दोन ठिकाणी विचारलं होतं. एके ठिकाणी चांगल्या पगाराची नोकरी होती, इमारत चकचकीत होती, पण नमुने नक्की कुठे आहेत हे समोरच्या तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणारे उठले, दोन जिने उतरून मला खाली घेऊन गेले. तिथे एका बाईंनी जाड हातमोजे चढवले, उणे ८० अंशांच्या फ्रीझरचं दार उघडलं, रॅक बाहेर ओढून कोणता डबा कुठल्या अभ्यासाचा ते सांगितलं आणि दार घाईने बंद केलं. म्हणाल्या, "जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही." मी ती नोकरी घेतली आणि तिथून वीस मिनिटं चालत जाता येईल असं घर शोधलं.